सात फिकट फिल्म्स आणि आखाजी

उन्हाचा पहिला चटका बसला की मला हायपोचा वास येतो. एक्स-रेची फिल्म धुताना शेवटच्या ट्रेमध्ये जे आंबूस पाणी असतं, त्याचा. आजूबाजूला तसलं काही नसतं. काल दुपारी, आता मी जिथे शिकते त्या विभागाच्या फळ्यावर परीक्षेचं वेळापत्रक लागलं. मी ते वहीत उतरवून घेत होते, कडुलिंबाचा बारीक मोहोर वाऱ्याने व्हरांड्यात येऊन पडत होता, आणि एकदम तो वास आला. शेजारच्या मुलीला विचारलंसुद्धा, "तुला काही आंबट वास येतोय का गं?" ती म्हणाली, "तुला परीक्षेची भीती वाटतेय." असेल. पण माझ्यासाठी परीक्षा, कडुलिंब, हायपो आणि आखाजी ही सगळी जळगावच्या एकाच उन्हाळ्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. ती आता वेगळी करता येत नाहीत.

तो माझा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा उन्हाळा. आमचं घर सोनगीरचं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कॉलेज म्हणजे काय हे विचारायला कोणी नव्हतं. वडिलांची मोठी बहीण जळगावला मेहरूणमध्ये राहायची. आम्ही सगळे तिला अक्काच म्हणायचो, वडीलसुद्धा. तिचे यजमान तात्या दाळ मिलमध्ये कामाला होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. "पोरगी हॉस्टेलात नही ऱ्हावाव, मन्हा घर ऱ्हाई," असं अक्कानं परस्पर ठरवून टाकलं आणि मी तीन वर्षं तिच्या घरात, धान्याच्या कोठीशेजारच्या खाटेवर अभ्यास केला. कॉलेजात मी पुस्तकी मराठी बोलायचे, दाराशी चप्पल काढली की अहिराणी. त्या वयात मला वाटायचं की मी दोन मुली आहे आणि त्यांतली एक लपवायची असते.

आमच्या सरांनी मला प्रकल्पाचा विषय दिला तेव्हा मी मान वर करू शकले नव्हते. विषय स्त्रियांच्या छातीच्या एक्स-रेचा होता. सरही संकोची. ते सबंध वर्षभर "तो मऊ अवयव" असंच म्हणत राहिले. पण समजावून मात्र फार छान सांगायचे. "हाडाचा फोटो सोपा," ते म्हणाले. "हाड कठीण, मांस मऊ. पण इथे मऊवर मऊची सावली पडते. एखाद्या पुस्तकाची सगळी पानं एकाच कागदावर छापली तर काय वाचता येईल? आपल्याला एकेक पान सुटं करायचंय."

ते सुटं करायची युक्ती कोणत्या तरी जुन्या परदेशी नियतकालिकात त्यांनी वाचली होती. एक्स-रेची नळी एका जागी न ठेवता कमानीसारखी सरकवत न्यायची. वेगवेगळ्या कोनांतून फिकट फिकट फोटो काढायचे. मग त्या फिल्म्स एकावर एक ठेवून हव्या तेवढ्या सरकवायच्या. एका मापाने सरकवल्या तर एका खोलीवरच्या गोष्टी एकमेकींवर नेमक्या बसतात आणि ठळक होतात, बाकीच्या विस्कटून धूसर होतात. माप बदललं की दुसरा थर वर येतो. नंतर मला कळलं की मोठ्या देशांत हे काम संगणकाकडून करून घ्यायची धडपड चालू आहे. आमच्याकडे संगणक नव्हता. खिडकीची काच होती, पट्टी होती, आणि कोन मोजायला कंपासपेटी.

प्रयोगासाठी तसा मऊ अवयव कुठून आणायचा? मेणाचा गोळा करून पाहिला, तो उन्हात बसला. शेवटी मीच घाबरत घाबरत म्हटलं, "सर, भरताचं वांगं?" सर हसले आणि मग हसायचे थांबले. आमच्याकडचं भरताचं वांगं दोन तळहातांत मावत नाही. फिकट हिरवं, आत सगळीकडे सारखं मऊ, आणि बाजारात माघ-फाल्गुनापर्यंत मुबलक. तात्यांच्या चुन्याच्या डबीतला वाळलेला चुना खरवडून मी त्याचे मोहरीपेक्षा बारीक कण केले आणि दाभणाने वांग्यात निरनिराळ्या खोलीवर सोडले. छातीत वाईट दुखणं असलं की कधी कधी तसेच चुन्याचे बारीक टिपके दिसतात, असं सर म्हणाले होते.

अक्काला हे कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "वांगाना बी फोटू काढतस का व आते? मंग लगीन कोनासंगे ठरनं त्यानं?"

"अक्का, अभ्यास शे तो."

"व्हई ना. आनि फोटू काढेल वांगानं भरीत चालस का, ते बी तुना सरले इचार."

मी खरंच विचारलं. सर म्हणाले, "चालेल, पण चुना काढून." त्या हिवाळ्यात आम्ही बरीच वांगी खाल्ली.

मशीन एका दवाखान्यातलं, ओळखीने मिळालेलं. तिथल्या डॉक्टरबाई सरांच्या परिचयाच्या होत्या. मशीन साधंच, हातपाय मोडलेल्यांसाठी घेतलेलं. ते चालवायचे वामनभाऊ, पन्नाशीचे, बुटके, तोंडात सतत बडीशेप. त्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. खोलीतला बल्ब पिवळा पडला की बटण दाबायचं नाही, कारण व्होल्टेज उतरलेलं असतं आणि फिल्म कोरी निघते. दुपारी एक ते दोन दाळ मिलना जेवणाची सुट्टी असते, तेव्हा वीज शांत असते. "मिलचा भोंगा झाला की आपलं काम," ते म्हणायचे. एप्रिल लागला तशी नळाच्या पाण्याने फिल्म धुणं अशक्य झालं. पाणी इतकं तापलेलं असायचं की फिल्मवरचा थर दुधावरच्या सायीसारखा सुटून यायचा. मग मी सकाळी बर्फाच्या कारखान्यात जाऊन गोणपाटात गुंडाळलेली लादी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचे. मागे पाण्याची रेघ उमटत जायची. काळोख्या खोलीत लाल दिव्याखाली, बर्फाच्या पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवून मी उभी असायचे. बाहेर जळगावचं ऊन. सबंध शहरात थंडी वाजत असलेली मी एकटीच असेन.

सर एका बाबतीत फार कडक होते. "माणसावर करायचं झालं तर एका साध्या फोटोला जेवढे किरण लागतात, तेवढेच सगळ्या फोटोंना मिळून वापरायचे. त्याहून एक कणही जास्त नाही." म्हणजे फोटो वाढवले तर प्रत्येक फोटोच्या वाट्याला कमी उजेड, आणि फोटो इतका फिकट की फिल्मच्या दाण्यांशिवाय काही दिसत नाही. फोटो कमी केले तर थर नीट सुटत नाहीत. नळी फार लांबवर सरकवली तर कडा ओढल्या जातात, थोडीच सरकवली तर वरचं खालचं एक होतं. मी अकरा करून पाहिले, पाच करून पाहिले, आणि सातावर थांबले. सात फिकट फिल्म्स. त्यांतली कुठलीही एक उजेडासमोर धरली तर नुसतं धुकं. साती एकावर एक ठेवल्या की धुक्यातून काहीतरी आकार घ्यायचं. ते पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी मी एकटीच होते आणि टाळी वाजवली. आता लिहितानाही लाजल्यासारखं होतं.

अक्काने मला सांगितलं ते चैत्रात. मी न्हाऊन केस वाळवत बसले होते. ती माझ्यामागे उभी राहून म्हणाली, "पोरी, आठे काहीतरी शे. सुपारीएवढं."

मी वळून पाहिलं. तिने पदराखाली डाव्या बाजूला हात धरला होता.

"कवयपाशी?"

"संक्रांतपाशी. तात्यासले सांगू नको."

संक्रांतीपासून म्हणजे तीन महिने. या तीन महिन्यांत मी तिच्याच घरात राहून, तिच्याच हातचं खाऊन, वांग्यातल्या गाठी शोधत होते.

डॉक्टरबाईंनी तिला तपासलं. गाठ हाताला लागत होती, खालच्या बाजूला, घडीजवळ. मग एक साधा फोटो काढला. त्यात गाठ अशी दिसली नाही, नुसता दाट पांढरा ढग. पण त्या ढगात, बरोबर गाठीच्या जागी, पाच-सात पांढरे टिपके होते. टोकदार, लख्ख. बाईंनी फिल्म दोनदा उलटसुलट केली. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सुईने तपासणी मी करेन. पण खरं सांगू का मंगल, गाठ आणि हे टिपके एकत्र आहेत, हे मला आवडलेलं नाही. मुंबईची तयारी ठेवा. कदाचित पूर्ण काढावं लागेल."

 घरी जाताना, रिक्षा मेहरूणच्या तळ्याशी आल्यावर अक्का म्हणाली, "सोनगीरले चिठी लिख. यंदा आखाजीले मी येवाव नही."

आखाजी म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगणं अवघड आहे. अक्षय तृतीया म्हटलं तर ते पंचांगातलं झालं. आखाजी म्हणजे लेकी माहेरी येतात. वैशाखातल्या उन्हात कडुलिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, भरल्या संसाराच्या बायका पोरींसारख्या ओरडतात. अक्का आखाजीला गेली नाही असं एकही वर्ष माझ्या आठवणीत नव्हतं. त्या चिठ्ठीच्या चार ओळी लिहायला मला सबंध संध्याकाळ लागली.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे आणि बाईंकडे गेले.  म्हटलं, "सुई घालायच्या आधी एकदा सात कोनांतून बघू द्याल का? एका फोटोएवढ्याच किरणांत." बाईंनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "हिने वांग्यावर नीट केलंय." एवढंच. माझ्याबद्दल कोणी इतकं मोठं वाक्य त्याआधी बोललं नव्हतं.

अक्काला समजावून सांगणं मात्र मला जमेना. कोन, थर, सावली.  मग मला झोका आठवला. म्हटलं, "अक्का, आखाजीले आपुन झोकावर बसतस. झोका इकडे गया, तिकडे गया, तव्हय जवळना खांब कसा पळस? आनि लांबना सोनगीरना किल्ला?"

"किल्ला काबर पळी? तो तठेच ऱ्हास."

"तेच. जे जवळ ते जास्ती हालस, जे लांब ते हालत नही. नळी झोका घेई आनि आपुन दखसूत, काय कितलं हालनं. म्हंजे काय कितलं खोल शे ते समजी."

ती म्हणाली, "म्हंजे झोका मशीन खेळी, आनि माले उगीच पडी ऱ्हावानं."

दवाखान्यात गेलो त्या दुपारी मिलचा भोंगा झाला. सुताराकडून मी एक खाच असलेली पाटी करून घेतली होती. छाती वरून प्लॅस्टिकच्या फळीने दाबून धरायची, आणि खालून खाचेतून फिल्मची एकेक कॅसेट बदलायची. फिल्म्स नंतर जुळवता याव्यात म्हणून पाटीच्या कडेला माझ्या केसांच्या पिना बसवल्या होत्या. अक्काला बसवायचं, दाबायचं, हे सगळं मी केलं. वामनभाऊ शिशाच्या पडद्यामागे भिंतीकडे तोंड करून उभे.

"मना काय पापड लाटी ऱ्हायनी का व?" अक्का दातांतून म्हणाली.

"अक्का, बोलू नका. श्वास धरा," पडद्यामागून आवाज आला. खट. "सोडा."

चौथ्या फोटोला ती अगदी बारीक आवाजात काहीतरी गुणगुणायला लागली. वामनभाऊ म्हणाले, "गाणं नंतर म्हणा हो, हलतंय सगळं." ती गप्प झाली. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला माझा हात मोकळा नव्हता.

त्या दिवशी बर्फ नेहमीपेक्षा जास्त आणला होता. सात फिल्म्स धुतल्या, वाळवल्या. मग बघायच्या दिव्याच्या पेटीवर मी त्या एकावर एक ठेवल्या, पिनांवर पिना जुळवल्या, आणि गाठीच्या खोलीच्या हिशेबाने सरकवायला सुरुवात केली. एका मापाला तो ढग फाटला आणि आत एक गोल सावली आली. कडा कंपासने काढल्यासारखी. पण त्या मापाला टिपके विस्कटले, पुसून गेले. मला वाटलं माझं गणित चुकलं. पुन्हा सरकवल्या. पुन्हा तेच. शेवटी थकून साती फिल्म्स मूळ जागी, पिनांवर पिना, अशाच ठेवल्या, तर टिपके लख्ख उभे राहिले. नळी एवढी इकडून तिकडे गेली होती आणि ते जागचे हललेच नव्हते.

जे हलत नाही ते नळीपासून सगळ्यात लांब. सगळ्यात लांब म्हणजे पाटीला टेकलेलं. म्हणजे गाठीत नव्हे, छातीतही नव्हे. कातडीवर.

माझा स्वतःवर विश्वास नव्हता. धावत घरी गेले, उरलंसुरलं एक बारकं वांगं आणलं, त्याच्या पाटीला टेकणाऱ्या बाजूच्या सालीवर चुन्याचा एक कण चिकटवला, एक आत सोडला, आणि वामनभाऊंच्या मागे लागून पुन्हा सात फोटो काढले. बाहेरचा कण तसाच वागला. मग मी घरी येऊन अक्कासमोर बसले. ती चटणीसाठी शेंगा सोलत होती.

"अक्का, तठे काही लावेल व्हतं का?"

ती सोलत राहिली.

"अक्का."

"देवना शेंदूर," ती म्हणाली. "मंगळवारना मंगळवार. तेलमा कालवीसन. डॉक्टरनी कडे जावानं व्हतं त्या दिन घसी घसी आंघोळ करी मी. दिसाले नको म्हनीसन."

शेंदरात शिसं असतं. वामनभाऊ ज्या शिशाच्या पडद्यामागे उभे राहायचे, तेच. डोळ्यांना दिसू नये इतका तो तिने घासून काढला होता, पण कातडीच्या रंध्रांत राहिलेला एवढासा कण किरणांपुढे भिंतीसारखा उभा राहिला होता.

"आधी काबर नही सांगं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "तू हासशी म्हनीसन."

त्या हिवाळ्यात शेजारच्या एका बाईने आपल्या पोराच्या सुजेवर अंगारा लावला होता, तेव्हा मी ओट्यावर उभी राहून तिला फार बोलले होते. विज्ञान, अडाणीपणा, असले सगळे नवे शब्द. अक्का तेव्हा आत भाकरी थापत होती. भाकरी थापायचा आवाज मध्येच थांबला होता, एवढं मला आठवतं. घरात शिकलेली पोरगी, म्हणून अक्काने आपला देव लपवला. आणि त्या लपवण्याने तिला मुंबईच्या दारापर्यंत नेलं.

तेल आणि बेसनाने धुऊन एक फोटो पुन्हा काढला, तेव्हा टिपके नव्हते. गाठ होतीच. बाईंनी माझ्या साती फिल्म्स जुळवून ती गोल कड बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "चला, आता सुई." अक्काने माझं मनगट धरलं. सुई गेली, आणि सुईच्या नळीत पाणी यायला लागलं. फिकट, हिरवट पिवळं पाणी. बघता बघता तिथला उंचवटा बसला. बाईंनी हात फिरवून पाहिला, पुन्हा फिरवला. "पाण्याचीच गाठ. मी हे तपासायला पाठवते, आणि तीन महिन्यांनी परत दाखवायला यायचं. पण आजची रात्र स्वस्थ झोपा."

अक्का त्या पाण्याकडे बघून म्हणाली, "इतलास्या पानीसाठे मी मरी ऱ्हायंती?"

मी पुष्कळदा विचार करते की माझ्या फिल्म्सनी नेमकं काय केलं. सुई तर बाईंनी तशीही घातली असती, पाणी तसंही आलं असतं. टिपक्यांची भीती मात्र राहिली असती आणि त्या भीतीपोटी काय काय झालं असतं, ते मला ठाऊक नाही. प्रकल्पाच्या वहीत मी लिहिलं, "सात कोन पुरेसे आहेत." परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारलं, "कशाला पुरेसे?"  आता मी इथे संगणकावर तेच सरकवण्याचं काम शिकते आहे, शंभर पट बारीक मापाने, बर्फाशिवाय. कधी कधी एक दिवस जातो आणि मी एकाही माणसाला काही विचारलेलं नसतं. मग मला बरं वाटत नाही.

सुई घातली त्या दिवशी दवाखान्यातून निघालो तेव्हा मी रिक्षा मेहरूणकडे वळवायला सांगत होते. अक्का म्हणाली, "स्टँडवर ले रे भाऊ." मला म्हणाली, "धुळानी गाडी कितला वाजाले शे?"

सोनगीरला धुळ्यावरून जायचं, आणि आखाजी परवावर आली होती. "अक्का, कपडा? पिशी? तात्या?"

"तात्यासले तू सांग. लुगडं वहिनी दी. तू पेपर दे तुना, मी जास."

स्टँडच्या तोंडाशी एक कासार उन्हात छत्री लावून बसला होता. ती त्याच्यापुढे बसली आणि दोन्ही हात पुढे केले. "किती भरू, अक्का?" "मनगट झाकाय तितल्या." हिरव्या बांगड्या चढत गेल्या. ती कण्हली नाही, दर वेळी कण्हायची.

धुळ्याची गाडी भरून आली होती. लोक दाराशी कोंबले होते. अक्का त्यांच्यात घुसली आणि वरचा दांडा धरायला तिने डावा हात उचलला. सरळ, खांद्याच्या वर. बांगड्या खळकन कोपरापर्यंत उतरल्या. तेव्हा मला कळलं की संक्रांतीपासून तिने तो हात खांद्याच्या वर नेलाच नव्हता. फळीवरचा डबा ती मलाच काढायला सांगायची. वाळत घालायचं लुगडं माझ्या हातात द्यायची. "तू उंच शे," म्हणायची, आणि मी रोज तो डबा काढून देत होते.